मोटारदुरुस्तीचीं घरगुती हत्यारें : एक उपेक्षित साधन

इतिहासाचें साधन म्हटलें कीं आपणांस ताम्रपट, बखरी व दप्तरें आठवतात. मोटारदुरुस्तीच्या जागेंतील लोखंड कोणास आठवत नाहीं. भूमसारख्या गांवाच्या बाबतींत ही उपेक्षा महाग पडेल. हें गांव १९४८ पर्यंत निजामाच्या मुलुखांत, तर जवळची बार्शी ब्रिटिश अमलाखालीं. बार्शीस १८९७ सालीं अरुंदमापी रेल्वे आली, भूमास रूळ आले नाहींत. अशा आडमार्गी ठिकाणीं विकतच्या हत्याराची वाट पाहण्यापेक्षां तें घडविणेंच सोयीचें.

मोटारीचा तुटलेला पाटा हा यांतील मुख्य माल. त्याचें पोलाद भात्यावर लाल करून ठोकलें व त्यास पाणी दिलें कीं छिन्नी होते. पण तेवढ्यावर सोडल्यास धार पहिल्याच घावास उडते. म्हणून ती घासून पुन्हा बेतानें तापवावयाची, आणि पिवळा रंग सरून जांभळा चढतांच थंड करावयाची.

असें हत्यार ओळखावें कसें? पाट्यांच्या जुडग्यास मधोमध बोल्ट असतो. त्याचें भोक एखाद्या चपट्या पहारींत राहिलें असेल, तर ती पट्टी एके काळीं गाडीखालीं होती असें समजण्यास हरकत नाहीं. वरच्या पाट्याचा वळविलेला डोळा याहून बोलका. आमच्या मतें ही खूण शिक्क्याहून विश्वसनीय. शिक्के खोटे पाडतां येतात!

हीं हत्यारें भंगारांत वजनावर विकलीं जातात. कारागीर हयात आहे तोंवर त्यांचीं मापें घ्यावींत, आणि तीं कोणत्या गाडीच्या कोणत्या कामासाठीं केलीं हेंहि विचारून लिहावें. ती गाडी बहुधा आधींच भंगारांत गेलेली असते.