आगरतळा ते कोलकाता : एक तास की दीड दिवस?

आगरतळ्याला पोस्टिंग आली की जवान आधी रजेचा हिशोब करतो. विमानाने कोलकाता सुमारे सव्वातीनशे किलोमीटर, म्हणजे तासाभराचा प्रवास. रेल्वेने मात्र आसाममधून वर जायचे, सिलिगुडीच्या चिंचोळ्या पट्ट्यातून वळायचे आणि मग खाली उतरायचे. दीड हजारांहून जास्त किलोमीटर, किमान दीड दिवस. कोलकात्यानंतर गाव अजून पुढेच! मध्ये ना समुद्र आहे ना हिमालय. आहे ती १९४७ साली नकाशावर ओढलेली रेघ.

फाळणीपूर्वी आगरतळ्याचे स्टेशन म्हणजे शेजारचे अखौरा. तिथून गाडीने चांदपूर, पुढे स्टीमरने ग्वालंदो आणि पुन्हा गाडीने सियालदा. रेघ ओढली गेली आणि अखौरा पलीकडे गेले. त्रिपुरा तीन बाजूंनी पूर्व पाकिस्तानने वेढला गेला. १५ ऑक्टोबर १९४९ ला संस्थान भारतात विलीन झाले, पण उर्वरित देशाकडे जायला उरला तो आसामच्या डोंगरांतला लांबचा रस्ता.

अशा वेळी उपयोगी पडला तो विमानतळ. महाराजा बीर बिक्रम किशोर माणिक्य यांच्या काळात, १९४२ च्या सुमारास तो बांधला गेला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन हवाई दलाने तो वापरला. महाराज मे १९४७ मध्ये वारले. फाळणी त्यांनी पाहिली नाही. युद्धासाठी वापरलेली हीच धावपट्टी पुढे राज्याची जीवनवाहिनी झाली. रेल्वे धर्मनगरपर्यंत आली १९६४ साली, आणि खुद्द आगरतळ्यात यायला २००८ उजाडले. तीही मीटरगेज, ब्रॉडगेज २०१६ मध्ये झाली.

अंतराची ही गोष्ट उलट्या बाजूनेही घडली. जानेवारी १९७१ मध्ये 'गंगा' हे आपले विमान अपहरण करून लाहोरला नेले आणि तिथे जाळले गेले. भारताने पाकिस्तानी विमानांना आपले आकाश बंद केले. कराची ते ढाका हा प्रवास मग श्रीलंकेला वळसा घालून होऊ लागला. अंतर जवळजवळ दुप्पट झाले. त्या वर्षी पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेला माणसे आणि सामान पोहोचवणे किती अवघड गेले असेल, हे फौजी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

त्याच डिसेंबरमध्ये, ३ आणि ४ तारखेच्या दरम्यानच्या रात्री, अखौऱ्याजवळच्या गंगासागर इथे १४ गार्ड्सने हल्ला केला. लान्स नायक अल्बर्ट एक्का तिथे धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. गंगासागर हे त्याच जुन्या रेल्वेमार्गावरचे स्टेशन. ज्या रुळांवरून एके काळी आगरतळ्याची माणसे कोलकात्याला जात, तिथेच ही लढाई झाली.

नोव्हेंबर २०२३ मध्ये आगरतळा–अखौरा रेल्वेजोडणीचे उद्घाटन झाले. मार्ग जेमतेम बारा किलोमीटरचा. तो जोडायला शहात्तर वर्षे लागली. पण रूळ जोडले म्हणजे रस्ता खुला झाला असे नाही. त्यासाठी दोन देशांचे मन जुळावे लागते.

तोवर घरून वाईट बातमीचा फोन आला, तर इथला जवान तिकिटाची किंमत बघत नाही. विमानच पकडतो. आईच्या शेवटच्या दर्शनाला पोहोचणे किंवा न पोहोचणे, हा फरक त्या रेघेने पाडलेला आहे.