हुसेनसागराच्या तळाशी

हैदराबादच्या लुंबिनी पार्कच्या धक्क्यावरून बोट सुटते. लाइफ जॅकेटचा पट्टा काखेत काचतोय, शेजारच्या मुलाच्या हातात तिखट-लिंबू चोळलेलं कणीस आहे आणि झाडून सगळ्यांचे मोबाइल एकाच दिशेला वळलेत. समोर, जिब्राल्टर रॉक म्हणतात त्या चौथऱ्यावर, एकाच दगडातला ५८ फुटी बुद्ध उभा. तुम्ही मात्र कठड्यावरून वाकून पाणी बघताय. बोटवाला ओरडतो, "भाई, झुको नक्को!" (हा 'नक्को' आपलाच. दख्खनीने मराठीतून उचलला आणि जरा जोर देऊन वापरायला घेतला.) त्याचं ऐकू नका. फोन खिशातून काढून शेजारच्याकडे द्या. आपल्याला खाली उतरायचं आहे, आणि इथे खाली म्हणजे मागे.

पहिला थांबा लांबचा, पण तिथे फार वेळ लागणार नाही. १५६२ चा सुमार. गोवळकोंड्यावर इब्राहिम कुतुबशहा आहे आणि तुम्ही पाण्यात नाही, कोरड्या मातीवर उभे आहात. हुसेन शाह वलींच्या देखरेखीखाली बांध घातला जातोय. मुसी नदीचं पाणी कालव्याने इथे यायचं आहे. चारमिनार कुठे दिसतो का बघाल तर तो उभा राहायला, म्हणजे १५९१ उजाडायला, अजून तीसेक वर्षं आहेत. आधी तलाव, मग शहर. आपल्याकडे आधी वस्ती होते, मग टँकर येतो, म्हणून हे जरा उलटं वाटेल.

आता १० मार्च १९९०. तुम्ही तलावाच्या बांधावर, टँक बंडवर, गर्दीत उभे आहात.

मूर्तीची गोष्ट तोवर पाच वर्षांची झालेली आहे. न्यूयॉर्कची स्वातंत्र्यदेवता पाहून आलेल्या मुख्यमंत्री एन. टी. रामाराव यांच्या मनाने घेतलं की आपल्याही राजधानीत असं काही उभं राहावं. १९८५ मध्ये काम सुरू झालं. भोनगीरजवळच्या रायगीरला अखंड पांढरा ग्रॅनाइट सापडला, गणपती स्थपतींच्या हाताखाली शेकडो छिन्न्या चालल्या. मूर्ती तयार झाली, पण १९८९ च्या निवडणुकीत रामाराव हरले. सव्वातीनशे-साडेतीनशे टनांची मूर्ती खुर्च्या बदलल्या म्हणून रायगीरला परत थोडीच जाणार? ती तलावाकाठी आली, आणि आज ट्रेलरसकट तराफ्यावर चढवून पाण्यात ढकलली आहे.

तुम्हाला पुढचं ठाऊक आहे, गर्दीला नाही. तराफा शंभरेक यार्ड जातो आणि एका अंगाला कलतो. कलला की त्यावरचं ओझंही त्याच अंगाला सरकतं, सरकलं की कल आणखी वाढतो. पुढे माणसाच्या हातात काही उरत नाही. मूर्ती पाण्यात जाते आणि तिच्यासोबत कामावरचे आठ-दहा जणही. गर्दीचा आवाज एकदम बंद होतो. बातम्यांतून हे पुढे 'बुद्ध बुडाला' एवढंच उरलं. त्या कामगारांसाठी तुम्ही तरी क्षणभर थांबा.

आणि मग पाण्यात उतरा.

कमरेला शिशाच्या वजनांचा पट्टा, छातीभोवती दोरी. दोरीचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या मुठीत. पाणबुड्याचा खरा सोबती हाच. दोरीला एक हिसका आला तर तो विचारतोय, ठीक आहेस ना? तुम्ही एक हिसका परत द्यायचा, ठीक आहे. खाली गप्पा एवढ्याच.

तलाव फार खोल नाही. अगदी खोल जागीही तीस-बत्तीस फूट. तेवढ्यावर दाब हवेच्या जवळजवळ दुप्पट होतो, कान दुखतात, नाक चिमटीत धरून फुंकलं की मोकळे होतात. खरा त्रास अंधाराचा. शहराची गटारं, कुकटपल्लीकडच्या नाल्यातून येणारं कारखान्यांचं पाणी, वर्षानुवर्षांचा गाळ. चार-पाच फुटांखाली स्वतःचा हात दिसत नाही. दिवा लावलात तर समोर चहासारखं तांबूस धुकं उजळतं, बस. मग तुम्ही डोळे मिटून घेता, कारण उघडे ठेवून नुसती भीती वाढते. इथून पुढे बोटांनी बघायचं.

अशा अंधारात काळाचाही पत्ता लागत नाही. डोकं जड झालंय? चाचपून पहा, तांब्याचं शिरस्त्राण आहे. पायांत शिशाच्या तळाचे बूट, अंगावर रबरी पोशाख, सगळं मिळून ऐंशी किलोंच्या घरात. म्हणजे तुम्ही एकोणिसाव्या शतकात घसरलात, ऑगस्टस सीबने बंद पोशाख बनवला त्या दिवसांत. वर दोन माणसं हातपंप मारताहेत. त्यांनी तंबाखू मळायला हात थांबवला तर तुमचा श्वास थांबेल. या पोशाखात माणसं खोल गेली, तासन्‌तास राहिली, आणि वर आल्यावर सांधे धरून वाकडी झाली. कारण असं: दाबाखाली रक्तात विरलेला नायट्रोजन घाईने वर आलात की सोड्याच्या बाटलीसारखा फसफसतो. किती खोलीवरून किती थांबत यायचं याची कोष्टकं जॉन स्कॉट हॉल्डेन या शास्त्रज्ञाने शेळ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये छापली. आज नौदलाचा पाणबुड्या बिनघोर वर येतो त्यात थोडा वाटा त्या शेळ्यांचाही आहे.

हुसेनसागराच्या उथळ पाण्यात ती भीती जवळपास नाही. परत १९९० मध्ये या. हात पुढे करा. चिखल, चिखल, आणि मग अचानक थंड, सरळ, घडवलेला दगड. बोटं सरकवा. चुणी लागते, तिच्याशेजारी दुसरी. चीवर आहे. कुणी तरी रायगीरच्या उन्हात बसून कोरलेली ही घडी तुम्ही अंधारात वाचताय.

एवढं धूड वर काढायचं कसं? पाण्याने तुमची थोडी बाजू घेतलेली आहे: आकाराएवढं पाणी बाजूला सारल्यामुळे दगडाचे सव्वाशे टन तरी तिथेच हलके होतात. गाळ मात्र शत्रूच्या बाजूने. तो खालून चोखून धरतो. म्हणून बुडालेली जड वस्तू काढण्याची रीत जगभर एकच: आधी गाळाची पकड सोडवायची, पोटाखालून वाट काढायची, त्यातून दोर ओवायचे. आणि ओवणारा हात शेवटी माणसाचाच.

हात सोडू नका, जरा पूर्वेला जाऊ. चिखल संपून वाळू लागली आणि पाणी खारट झालं तर समजा विशाखापट्टणम आलं. डिसेंबर १९७१. बंदराबाहेर पाकिस्तानची 'गाझी' पाणबुडी नव्वदहून जास्त माणसांसह तळाला पडली आहे. ती तीच आहे हे नक्की करायला नौदलाचे पाणबुडे उतरताहेत. (मराठीची ही एक गंमत: 'पाणबुड्या' म्हटलं की एक माणूस की अनेक जहाजं, वाक्य संपेपर्यंत कळत नाही.)

त्याच किनाऱ्यावर, २००२ मध्ये, एकदा डोकं वर काढा. रामकृष्ण बीचच्या वाळूत आख्खी पाणबुडी उभी आहे: 'आयएनएस कुरसुरा'. १९६९ ते २००१ नौदलात होती, आता संग्रहालय. आत वाट दाखवायला निवृत्त नौसैनिक. नव्वद मीटरची ती नळी नुसती पाहिली तर झडपा, चाकं, गंजलेले पाइप. पण ज्याने तिथे दिवस काढलेत तो एका झडपेवर हात ठेवून बोलायला लागला की गर्दीतली पोरंसुद्धा गप्प होतात.

चला परत. १ डिसेंबर १९९२. मूर्ती तळाशी होती तेवढ्या काळात डिसेंबर १९९० मध्ये हे शहर दंगलीत जळलं, तीन मुख्यमंत्री झाले. चेन्ना रेड्डींच्या कारकिर्दीत बुडालेला बुद्ध विजयभास्कर रेड्डींच्या कारकिर्दीत, ९९७ दिवसांनी, चौथऱ्यावर उभा राहतोय. ज्यांचं स्वप्न होतं ते रामाराव विरोधी पक्षात. आणखी पाच दिवसांनी अयोध्येत जे व्हायचं आहे त्याची इथल्या गर्दीला कल्पना नाही.

बोट चौथऱ्याला लागते. फोन परत घ्या, तो कोरडा आहे. 'कुरसुरा'वर जशी जुनी माणसं आहेत, तसा इथे मूर्तीच्या पायाशी एखादा निवृत्त पाणबुड्या बसवावा असं मला फार वाटतं. हातात एक दोरी द्यावी, बाकी काही नको. येणाऱ्याचे डोळे बांधून त्याने दगडावर हात फिरवायला लावावा.

तोवर तुम्हीच करा. फोटो काढून झाले की डोळे मिटा आणि चौथऱ्याच्या दगडावर तळहात ठेवा. परतीची बोट सुटायला वेळ असतो.