अंधारातले सहा मेगापिक्सेल

२००८ चा गणेशोत्सव. कोकणातलं आमचं घर, संध्याकाळच्या आरतीची वेळ आणि नेमकं तेव्हाच भारनियमन. माजघरात दोन समया, एक निरांजन आणि ओटीवरच्या कंदिलाचा आत येईल तेवढा उजेड. आजी मखराशेजारी पाटावर बसली होती. "फ्लॅश नको रे मारू, डोळे दिपतात," ती म्हणाली, म्हणून मी फ्लॅश बंद करून तिचा फोटो काढला. माझ्याकडे नवाकोरा, खिशात मावणारा, बारा मेगापिक्सेलचा कॅमेरा होता. मागच्या छोट्या पडद्यावर फोटो इतका झकास दिसला की कॅमेरा घरभर फिरला. चुलतभावानेही त्याच्या दोन वर्षं जुन्या फुजीफिल्म एफ३० ने असाच एक काढला. त्यात रवा सांडल्यासारखे दाणे दिसत होते. "सहा मेगापिक्सेलमध्ये आणखी काय येणार?" असं मी त्याला चिडवलं होतं.

दोन वर्षांनी आजी गेली. भिंतीवर लावायला अर्थातच माझा फोटो निवडला गेला. तालुक्याच्या स्टुडिओतून आठ बाय दहा इंचाचा प्रिंट आला. आईने तो हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि विचारलं, "गोंदण कुठे गेलं?"

कपाळावरचं गोंदण नव्हतं. सुरकुत्या नव्हत्या. केसांच्या जागी एक सपाट पांढरा पट्टा होता. चेहरा मेणाचा वाटत होता. मग चुलतभावाचा फोटो तेवढ्याच आकारात छापून घेतला. त्यात दाणे होते, पण गोंदणही होतं.

माझा कॅमेरा बिघडलेला नव्हता. अंधारात जे करण्यासाठी तो बनवला होता, तेच त्याने केलं होतं. त्याच्या लेखी गोंदण हा गोंगाट होता. हे कसं झालं हे समजून घेताना मला कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यांच्या दहा-पंधरा वर्षांचा इतिहास वाचावा लागला, आणि 'अंधारात चांगला फोटो' या शब्दांचा अर्थ त्या काळात किती वेळा बदलला हेही कळलं.

पावसातली भांडी

पहिली गोष्ट भौतिकशास्त्राची. प्रकाश कणाकणाने येतो, आणि पावसाचे थेंब पडावेत तसा अनियमित येतो. अंगणात सारख्या मापाच्या वाट्या मांडल्या आणि क्षणभर पाऊस पडला, तर प्रत्येक वाटीत वेगळे थेंब असतील. तासभर पडला, तर फरक डोळ्यांना जाणवणार नाही. हिशेब सोपा आहे: सरासरी जितके कण, त्याच्या वर्गमुळाइतका चढउतार. एका पिक्सेलवर १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. शंभरच पडले तर चढउतार दहाचा, म्हणजे दहा टक्के. समईच्या उजेडात दिसणारे दाणे बऱ्याच अंशी हेच असतात. विजेच्या प्रवाहातला असा गोंगाट वॉल्टर शॉट्की या जर्मन शास्त्रज्ञाने १९१८ मध्येच मांडला होता. म्हणजे दाण्यांचा सगळा दोष कॅमेऱ्याच्या माथी मारता येत नाही. थोडा दोष उजेडाचाच असतो.

दुसरी गोष्ट अल्बर्ट रोझ यांची. टेलिव्हिजन कॅमेऱ्याच्या नळ्यांवर काम करणाऱ्या या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४० च्या दशकात डोळा, फिल्म आणि नळी या तिघांना एकाच मापाने मोजलं. एखादी खूण खात्रीने ओळखू यायची असेल, तर तिचा वेगळेपणा भोवतालच्या चढउताराच्या साधारण पाचपट असावा लागतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. गंमत अशी की डोळा हा हिशेब एकेका दाण्यावर करत नाही. खुणेच्या अख्ख्या क्षेत्रफळावर करतो. म्हणूनच चुलतभावाच्या फोटोत एकेक पिक्सेल भरवशाचा नसतानाही, शेकडो पिक्सेल मिळून गोंदण दिसत होतं.

नखाएवढी खिडकी

प्रकाशाचे विजेत रूपांतर करून ती ओळीने पुढे ढकलणारी सीसीडी ही चकती १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये विलार्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी शोधली. १९७५ मध्ये कोडॅकच्या स्टीव्हन सॅसन यांनी तशी चकती वापरून १०० गुणिले १०० पिक्सेलचा पहिला हातात धरण्याजोगा डिजिटल कॅमेरा जुळवला. त्याच कंपनीच्या ब्राइस बायर यांनी त्याच सुमारास पिक्सेलांवर लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांची जाळी बसवण्याची युक्ती काढली. रंग आले, पण प्रत्येक पिक्सेलला आपल्या गाळणीतून जाईल तेवढाच प्रकाश मिळू लागला.

खिशातल्या कॅमेऱ्याची खरी अडचण जागेची. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका चौकटीचं क्षेत्रफळ ८६४ चौरस मिलिमीटर. कॉम्पॅक्टमधला त्यातल्या त्यात मोठा '१/१.७ इंची' सेन्सर साधारण ७.६ बाय ५.७ मिलिमीटरचा, म्हणजे ४३ चौरस मिलिमीटर: फिल्मचा विसावा हिस्सा. सर्रास वापरला जाणारा '१/२.५ इंची' सेन्सर तर २५ चौरस मिलिमीटरच्या आसपास, करंगळीच्या नखापेक्षाही लहान. त्यात ही इंचाची मापं जुन्या टेलिव्हिजन नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून आलेली, त्यामुळे ती वाचून ग्राहकाला काहीच बोध होत नसे. बोध होई तो मेगापिक्सेलचा. २००० च्या सुमारास दोन-तीन, २००५ मध्ये पाच-सहा, २००८ मध्ये दहा, बारा, चौदा. खिडकी तेवढीच राहिली, तिचे गज वाढत गेले.

खोक्यावर दुसरा आकडा असे आयएसओचा. १६००, ३२००. जितका मोठा, तितका कॅमेरा अंधारात भारी, असं आम्ही समजायचो. हा आकडा कसा ठरवायचा याचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ १२२३२, १९९८ मध्ये आलं. त्यात गोंगाटाच्या आधारे वेग ठरवण्याची एक पद्धत होती: संकेत गोंगाटाच्या ४० पट असेल तर उत्तम, १० पट असेल तर चालण्याजोगा. पण २००४ मध्ये जपानी कॅमेरा उत्पादकांच्या सिपा या संघटनेने आपल्या नियमावलीत ज्या दोन पद्धती घेतल्या, त्यात गोंगाटाचा विचारच नव्हता. फोटो पुरेसा उजळ आला की झालं. २००६ च्या सुधारणेत त्या पद्धती मूळ मानकातही आल्या. यात फसवणूक नव्हती. प्रकाशमापनाच्या कामाला त्या सोयीच्याच होत्या. पण खोक्यावरचा ३२०० हा आकडा 'फोटो उजळ येईल' एवढंच सांगत होता. फोटोत काय उरेल, याबद्दल तो गप्प होता.

परीक्षकांची शाळा

ही उणीव भरून काढली ती इंटरनेटवरच्या परीक्षकांनी. फिल अ‍ॅस्की यांनी १९९८ च्या अखेरीस 'डीपीरिव्ह्यू' सुरू केलं. डेव्ह एचल्स यांचं 'इमेजिंग रिसोर्स' त्याच वर्षातलं. पद्धत साधी. तेच दृश्य, तोच उजेड, आयएसओ पायरीपायरीने वाढवायचा, आणि फोटोचा एक तुकडा पिक्सेलला पिक्सेल लावून पडद्यावर दाखवायचा. राखाडी पट्टीचा फोटो घेऊन तिच्यातला चढउतार आकड्यात मोजायचा.

आकडा आला की पळवाटही येते. कॅमेऱ्यातल्या प्रोसेसरला शेजारशेजारच्या पिक्सेलांची सरासरी काढून दाणे पुसायला शिकवलं गेलं. राखाडी पट्टी गुळगुळीत झाली, आकडा सुधारला. पण हे गणित 'बारीक आणि फिकट' दिसेल त्याला गोंगाट मानतं. केस बारीक आणि फिकट असतात. सुरकुत्या असतात. जुनं गोंदणही असतं. म्हणून परीक्षकांनी दृश्यात लोकरीच्या गुंड्या, कापडाचे नक्षीदार तुकडे आणि बारीक अक्षरांच्या बाटल्या ठेवायला सुरुवात केली. राखाडी पट्टी काय सांगते ते एकीकडे, लोकर काय सांगते ते दुसरीकडे.

या शाळेत फुजीफिल्मची एफ मालिका पहिली आली. २००५ मध्ये एफ१०, २००६ मध्ये एफ३० आणि वर्षाअखेरीस एफ३१एफडी. तिन्ही ६.३ मेगापिक्सेलचे, तिन्हींत १/१.७ इंची सेन्सर. बाकीचे धावत असताना हे तिघे सहावर थांबले. दाणे दिसत होते, पण लोकर लोकरच राहत होती. २००७ मध्ये एफ५०एफडी बारा मेगापिक्सेलचा झाला, आणि बंद पडलेला एफ३१एफडी लोक शोधून शोधून चढ्या भावाने घेऊ लागले.

'पिक्सेल कमी, म्हणून फोटो चांगला' असा निष्कर्ष तेव्हा घराघरांत पोचला. मीही बरीच वर्षं तेच सांगत फिरलो. ते अर्धंच खरं आहे. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये 'डीएक्सओमार्क'ने सेन्सरांची मोजणी प्रसिद्ध करायला घेतली, तेव्हा सगळ्यांचे आकडे आठ मेगापिक्सेलच्या एकाच प्रिंटवर आणून तुलना केली. पडद्यावर पिक्सेल ताणून पाहिले तर बारा मेगापिक्सेलवाला नेहमीच हरणार. एकाच आकाराचा कागद समोर ठेवला की बरंचसं अंतर मिटतं. वाट्या लहान केल्या तरी अंगणात पडणारा पाऊस तेवढाच असतो. मात्र प्रत्येक वाटी मोजताना थोडी सांडलवंड होते, आणि फार थोड्या पावसात तीच जड जाते. एफ३० चं यश पिक्सेलांच्या संख्येत जितकं, तितकंच त्याच्या प्रोसेसरच्या संयमात होतं.

या संयमाला मापही मिळालं. २००९ मध्ये डीएक्सओच्याच संशोधकांनी 'वाळलेली पानं' नावाचा तक्ता सुचवला: लहानमोठ्या वर्तुळांचा, एकावर एक पडलेल्या पानांसारखा खच. मूळ गणिती कल्पना जॉर्ज माथेरॉन या फ्रेंच गणितज्ञाची, १९६८ ची. सरळ रेषा प्रोसेसरला ओळखता येतात आणि तो त्या सांभाळतो. हा पाचोळा त्याला ओळखता येत नाही. त्यातलं किती पुसलं गेलं, ते मोजता येतं.

२००९ आणि नंतर

त्याच वर्षी वारं फिरलं. कॅननने १४.७ मेगापिक्सेलच्या जी१० नंतर जी११ दहा मेगापिक्सेलचा काढला. सोनीने तारांचं जाळं सेन्सरच्या मागे नेऊन प्रकाशाची वाट मोकळी करणारे सेन्सर खिशातल्या कॅमेऱ्यांत आणले. डब्ल्यूएक्स१ हा त्यातला एक. तो एका दाबात सहा फोटो घेऊन त्यांचा एक करत असे. ऑक्टोबरमध्ये बॉइल आणि स्मिथ यांना सीसीडीसाठी नोबेल मिळालं, तेव्हा सीसीडीचे दिवस सरत आले होते. २०१२ मध्ये सोनीच्या आरएक्स१०० ने खिशात ११६ चौरस मिलिमीटरचा सेन्सर बसवला आणि जागेचं उत्तर जागेनेच दिलं.

पण तोवर लोक फोनकडे वळले होते. २०१० मध्ये जगभर १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२० मध्ये ९० लाखही नाहीत. फोनने डब्ल्यूएक्स१ ची युक्ती पुढे नेली. २०१८ मध्ये गूगलच्या पिक्सेल फोनमध्ये आलेली 'नाइट साइट' हातात धरून पंधरापर्यंत फोटो घेते आणि एकमेकांवर बसवते. नऊ फोटोंची सरासरी काढली तर गोंगाट एक तृतीयांश होतो. हा पाऊस खराच जास्त वेळ गोळा केलेला असतो, म्हणून ही सफाई माझ्या कॅमेऱ्याच्या सफाईहून प्रामाणिक आहे. आजी मात्र तेवढा वेळ स्थिर बसायला हवी.

आता कुणी जुना कॉम्पॅक्ट घेऊन 'अंधारात कसा आहे?' विचारलं, तर मी आकडे सांगत नाही. घरातल्या एखाद्या माणसाला दिव्याशेजारी बसवा, असं सांगतो. जो चेहरा तुम्हाला पाठ आहे, तोच. शटर किती वेळ उघडं राहिलं ते पाहा. हललेला फोटो आणि पुसलेला फोटो यांत गल्लत होते. मागच्या पडद्यावर भरवसा ठेवू नका. भिंतीवर लावाल तेवढ्या आकारात छापा आणि एक हात लांबून बघा. दाणे आहेत का हे नंतर. आधी भुवईचे केस, कानामागची सावली, कपाळावरची खूण शोधा. जे तुम्हाला माहीत आहे ते तिथे आहे का?

आमच्या माजघरात आज एफ३० मधला प्रिंट आहे. पाहुणे कधी विचारतात, फोटो एवढा खरखरीत का? आई सांगते, "लाइट गेले होते."