माइकची उसनी बॉडी

घरी माइक बनवणाऱ्यांच्या बोलण्यात 'डोनर बॉडी' हा शब्द सारखा येतो. स्वस्तातला एखादा माइक घ्यायचा, त्याचं पोट रिकामं करायचं आणि त्याच नळीत, त्याच जाळीमागे आपली कॅप्सूल आणि आपलं सर्किट बसवायचं. ऐकणाऱ्याला हा जुगाड वाटतो. अस्सल माइक म्हणजे एकाच कारखान्यात, एका कल्पनेतून, सगळ्या अवयवांसकट जन्मलेली वस्तू, आणि आपण करतो ती गरिबाची नक्कल, असा एक समज आहे. माइकचा इतिहास मात्र वेगळंच सांगतो.

कंडेन्सर माइक 1916 साली अमेरिकेत ई. सी. वेंट यांनी तयार केला. ताणलेला पातळ पडदा, त्यामागे धातूची चकती आणि दोघांत विजेचा भार, एवढंच त्याचं मूळ तत्त्व. तो कारखान्यात मोठ्या संख्येने बनू लागला तो बर्लिनमध्ये. गेओर्ग नॉयमन यांनी 1928 मध्ये कंपनी काढली आणि 'सीएमव्ही 3' बाजारात आणला. आकारामुळे लोक त्याला 'नॉयमनची बाटली' म्हणत. पुढे या बाटलीचं डोकं बदलता येऊ लागलं. खाली तेच धड, वर हवी ती कॅप्सूल. त्यांतलीच 'एम 7' ही कॅप्सूल युद्धानंतर, 1949 मध्ये आलेल्या 'यू 47'मध्ये बसवली गेली. ज्या माइकसाठी आज लोक वेडे होतात, त्याचं काळीज जुन्या बाटलीतून आलेलं आहे.

उलटी गोष्टही घडली. 1960 मध्ये 'यू 67' आला. खाली निमुळती होत जाणारी बॉडी, वर पाचरीसारखी जाळी. तो व्हॅक्यूम ट्यूबवर चालायचा. ट्रान्झिस्टरचं युग आल्यावर कंपनीने 1967 मध्ये 'यू 87' काढला. आतलं सर्किट नवं, बाहेरचं रूप जवळजवळ जुनंच. म्हणजे एकदा जुनी कॅप्सूल नव्या अंगात गेली आणि एकदा नवं सर्किट जुन्या अंगात. आपण टेबलावर सोल्डरिंग गन घेऊन जे करतो, तेच मोठ्या कारखान्याने केलं होतं.

स्वस्त बॉड्या आल्या कुठून, याचीही एक गोष्ट आहे. 1950च्या दशकात पूर्व जर्मनीच्या मदतीने बीजिंगमध्ये '718 संयुक्त कारखाना' नावाचं प्रचंड संकुल उभं राहिलं आणि 1957 मध्ये सुरू झालं. पुढे त्याचे क्रमांकांनी ओळखले जाणारे वेगवेगळे कारखाने झाले. त्यांतल्या 798च्या जागेवर आज चित्रकारांची दालनं आहेत. शेजारच्या 797चं नाव माइकशी जोडलं गेलं. त्याने आणि नंतर आलेल्या इतर चिनी कारखान्यांनी बनवलेले माइक निरनिराळ्या नावांनी जगभर विकले गेले. एकच नळी, एकच जाळी, फक्त छाप वेगळा. आज 'बीएम-800' या नावाने मिळणारा बिनछापाचा माइक त्याच प्रथेचं शेवटचं टोक म्हणता येईल. हजार-बाराशे रुपयांत तो पिंप्राळ्याला घरपोच येतो. त्याच्या मोठ्या जाळीमागे बहुधा बोटाच्या पेराएवढी इलेक्ट्रेट कॅप्सूल असते. पातळ पडद्याचा इलेक्ट्रेट माइक हा सेसलर आणि वेस्ट यांचा बेल लॅब्जमधला 1962चा शोध. पडद्यातच कायमचा भार असल्यामुळे कॅप्सूल लहान आणि स्वस्त झाली. मोठी जाळी राहिली ती दिखाव्यापुरती. आपल्याला हवी असते ती नेमकी हीच रिकामी जागा.

आपल्याकडे माइक आला तो सभेसाठी. सिंधमधल्या सक्करला 1909 मध्ये सुरू झालेला मोटवाने घराण्याचा व्यवसाय मुंबईत 'शिकागो रेडिओ' म्हणून नावारूपाला आला आणि काँग्रेसच्या सभांना ध्वनिक्षेपक पुरवू लागला. गांधी-नेहरूंच्या जुन्या छायाचित्रांत माइकवर ती पाटी दिसते. घराणं सिंधी, दुकान मुंबईचं, नाव अमेरिकेतल्या शहराचं. खानदेशाने खेड्यात भरलेलं काँग्रेसचं पहिलं अधिवेशन पाहिलं ते 1936 मध्ये, फैजपूरला. अशा सभांनी माइकचं काम ठरवून टाकलं: एकाचा आवाज हजारोंपर्यंत पोचवणं. मांडववाल्याचा माइक आजही तेच करतो.

एका माणसाचा आवाज जपून ठेवणं हे दुसरं काम. ते इथे फारसं झालं नाही. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या 1907च्या खंडात खानदेशी आहे, पण छापील नमुन्यांच्या रूपात. बहिणाबाई 1951 मध्ये गेल्या आणि 1952 मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. आपल्यापर्यंत ती पोचली कागदावरून. शब्द वाचले; पण जात्याच्या घरघरीत ओळ कुठे लांबायची, श्वास कुठे घ्यायचा, हे कागद सांगत नाही. हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांनी महाराष्ट्रभरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. 1990च्या दशकात बर्नार बेल त्यांना येऊन मिळाले आणि शंभरावर तासांचं ध्वनिमुद्रण झालं, म्हणून त्यांतल्या बऱ्याच बायका आज ऐकू येतात.

पिंप्राळ्यात माझ्या गल्लीत अशा तीन-चार बायका आहेत, सगळ्या सत्तरीपुढच्या. नवा 'यू 87' अडीच-तीन लाखांच्या घरात जातो. त्यामुळे मी डोनर बॉडी निवडतो ती त्यांना डोळ्यांसमोर ठेवून.

पहिली गोष्ट, नळी धातूचीच हवी. कॅप्सूलजवळचा रेझिस्टर गिगाओहमचा असतो. तिथे पन्नास हर्ट्झची घरघर चटकन शिरते. धातूची नळी नीट अर्थ केली की ती अडते. ट्रान्सफॉर्मर घालणार असाल तर लोहचुंबक लावून बघा. पितळ आणि अ‍ॅल्युमिनियम विजेचं क्षेत्र थोपवतात, पण ट्रान्सफॉर्मरला चुंबकीय क्षेत्रापासून वाचवायला लोखंड बरं. दुसरी गोष्ट, जाळीच्या आत 34 मिलिमीटरची कॅप्सूल चारी बाजूंनी मोकळी बसली पाहिजे. जाळीला दोन-तीन थर असतील तर आतला बारीक थर काढता येतो का ते पाहा. तो वरचे स्वर दाबतो आणि आवाज आतल्या आत परतवतो. तिसरी, नळीवर टिचकी मारा. घंटेसारखी वाजली तर आतून फेल्ट चिकटवावं लागेल. आमच्याकडे रेल्वेचा रूळ जवळ आहे, मालगाडी गेली की टेबल थरथरतं. त्यासाठी सोबत रबरी झुला असलेला संच घेतलेला परवडतो. चौथी, आतली पट्टी आणि तीन पिनांचा सॉकेट शाबूत हवा. ही दोन्ही कामं घरी करायला सगळ्यांत अवघड. रंग, छाप आणि डब्यावरचे आकडे यांचे पैसे देऊ नका.

तयार माइक मी शेजारच्या आजींसमोर ठेवला तेव्हा त्या म्हणाल्या, "हा कंदील कशाले आन्ला रे भाऊ?" मग कंदिलाकडे पाहतच त्यांनी सासरच्या वाटेची ओवी धरली. दुसऱ्या ओळीनंतर त्या थांबल्या, पुढची आठवेना. ती ओळ आता गल्लीत आणखी एकाच बाईला येते. त्या पावसाळ्यानंतर लेकीकडे सुरतेला राहायला जाणार आहेत. म्हणून पुढची बॉडी मी मागवली आहे, आणि या खेपेला रंगही विचारला नाही.