थरथरणारी हवा आणि दूरचे ग्रह

ताऱ्यांचें लुकलुकणें कविजनांस जितकें प्रिय, तितकेंच ज्योतिर्विदांस अप्रिय. तारा स्वतः लुकलुकत नाहीं. पृथ्वीवरील हवेचे ऊनथंड थर सतत हालत असतात व त्यांतून येणारा किरण डळमळतो. न्यूटननें १७०४ सालच्या आपल्या प्रकाशविषयक ग्रंथांत या व्याधीवर एकच उपाय सांगितला होता : उंच पर्वतशिखरावरील शांत हवेचा आश्रय करणें. पुढें अडीचशें वर्षें याहून बरें औषध कोणास सुचलें नाहीं.

१९५३ सालीं कॅलिफोर्नियांतील माउंट विल्सन व पालोमार वेधशाळांचे हॉरेस बॅबकॉक यांनीं निराळाच विचार मांडला. हवा स्थिर करतां येत नसेल, तर आरसाच तिच्याबरोबर हालवावा! किरण किती बिघडला हें क्षणोक्षणीं मोजावें आणि आरशावरील तेलाच्या पातळ थराला विद्युद्भारानें तेवढाच उलट बांक द्यावा, म्हणजे बिघाड तेथल्या तेथें फिटेल. कल्पना निर्दोष होती. परंतु सेकंदांत शेंकडों वेळां मोजमाप व गणित करणारें यंत्र त्या काळीं कोठें होतें?

तें यंत्र पुढें घडलें, पण ज्योतिर्विदांच्या हातीं पडलें नाहीं. अमेरिकेच्या संरक्षण खात्यास रशियाच्या उपग्रहांचीं छायाचित्रें जमिनीवरून घ्यावयाचीं होतीं. त्यासाठीं १९८२ सालीं हवाई बेटांतील हालेआकाला पर्वतावर असें यंत्र बसविण्यांत आलें. जवळ तेजस्वी तारा नसेल तेथें लेसरचा झोत सुमारें ९० किलोमीटर उंचीवरील सोडियमच्या थरावर टाकून कृत्रिम तारा उजळावा, ही युक्तिही त्याच वर्षीं विल हॅपर यांनीं सुचविली. सारें कडीकुलपांत राहिलें. इकडे फ्रान्समध्यें फॉय व लाबेरी यांनीं लेसर-ताऱ्याची कल्पना स्वतंत्रपणें शोधून १९८५ सालीं उघड छापली, आणि १९८९ सालीं तेथीलच ओत-प्रोव्हान्स वेधशाळेंत दुसऱ्या शास्त्रज्ञांनीं हवेचा दोष घालविणारें यंत्र दुर्बिणीस जोडून दाखविलें. १९९१ च्या मे महिन्यांत अमेरिकेनें आपलें कुलूप काढलें. एकच विद्या दोनदां शोधावी लागली, हा अपव्यय थोडा म्हणवत नाहीं.

या विद्येवांचून परताऱ्यांचे ग्रह पृथ्वीवरून दिसते ना. सूर्यापुढें गुरूचा प्रकाश सुमारें एक अब्जांश; दूरच्या ताऱ्याजवळ असा ग्रह शोधणें म्हणजे गॅसबत्तीला चिकटलेला काजवा मैलावरून हेरणें. नवजात ग्रह मात्र तप्त असल्यामुळें अवरक्त प्रकाशांत पुष्कळ उजळ दिसतात. पूर्वा भाद्रपदा नक्षत्राच्या दोन ताऱ्यांच्या दरम्यान, नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसणारा एच-आर ८७९९ हा तारा आहे. सुमारें १३० प्रकाशवर्षें दूर असलेल्या या ताऱ्याभोंवतीं तीन ग्रह असल्याचें ख्रिस्तियान मारोआ व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं छायाचित्रांनिशीं जाहीर केलें; चौथा २०१० सालीं सांपडला.

खास याच कामाचें ‘जेमिनी प्लॅनेट इमेजर’ हें यंत्र २०१३ सालीं चिली देशांतील दुर्बिणीवर चढलें. त्याच्या सुमारें इंचभर आरशामागें ४०९६ सूक्ष्म दट्टे, आणि ते सेकंदास सुमारें हजार वेळां आरशाचा आकार बदलीत. २०१५ सालीं त्यानें ५१ एरिडानी या ताऱ्याजवळ अवघ्या सुमारें दोन कोटी वर्षांचा एक ग्रह टिपला, आणि त्या ग्रहाच्या प्रकाशांत मिथेन वायूची खूण स्पष्ट उमटली.