लिहिणाऱ्याला वेळ कोण देणार?

सर्जनशील लेखनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचा विषय निघाला, की पहिला प्रश्न ठरलेला असतो : लेखन शिकवता येतं का? आज आपण हा प्रश्न जरा बाजूला ठेवू या. कारण या पदव्यांचा इतिहास बघितला, तर त्यामागे दुसराच प्रश्न दिसतो. लिहिणाऱ्याला वेळ कोण देणार?

सुरुवात होते अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात. आयोवा म्हणजे मक्याच्या शेतांचा मुलूख. १९२२ साली या विद्यापीठाने ठरवलं, की उच्च पदवीसाठी प्रबंधाच्या जागी सर्जनशील कृतीही स्वीकारायची. तोवर कसं होतं? शेक्सपिअरवर लिहिलं तर पदवी मिळायची. शेक्सपिअरसारखं लिहिलं तर मिळत नसे! पॉल एंगल यांनी या नियमाचा फायदा घेतला, कवितासंग्रह सादर करून १९३२ मध्ये एम.ए. मिळवलं. १९३६ मध्ये विल्बर श्रॅम यांच्या हाताखाली तिथली लेखक-कार्यशाळा रीतसर सुरू झाली. १९४१ पासून ती एंगल यांनी चालवली, तीही दोन दशकांहून अधिक काळ.

पण खरी भर पडली ती दुसऱ्या महायुद्धानंतर. १९४४ च्या कायद्याने युद्धावरून परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाची फी आणि निर्वाहभत्ता सरकारने उचलला. नदीकाठच्या लष्करी पत्र्याच्या बराकींत वर्ग भरू लागले. पद्धत साधी होती. कथेच्या प्रती आधी वाटायच्या, मग वर्गाने तिची चिरफाड करायची आणि लेखकाने गप्प बसून ऐकायचं. याला शिकवणं म्हणा किंवा म्हणू नका. पण पोटाची चिंता न करता लिहायला दोन वर्षं मिळत होती, हे नक्की.

इंग्लंडमध्ये हे लोण १९७० साली पोचलं. ईस्ट अँग्लिया विद्यापीठात माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन यांनी एम.ए. सुरू केलं. पहिल्या वर्षी विद्यार्थी एकच, इयन मॅकइवन!

आपला संबंध येतो तो आयोवाच्याच दुसऱ्या उपक्रमातून. एंगल आणि ह्वालिंग निये यांनी १९६७ मध्ये देशोदेशींच्या लेखकांसाठी निवासी कार्यक्रम सुरू केला. तिथे पदवी नव्हती, फक्त वेळ होता. १९७५ साली दिलीप चित्रे तिथे गेले.

आता या वेळेची किंमतही बघा. सांड्रा सिस्नेरोस यांनी १९७८ मध्ये आयोवातून एम.एफ.ए. केलं. वर्गातल्या इतरांची घरं, त्यांच्या आठवणी त्यांना परक्या वाटल्या, हे त्यांनी स्वतः सांगितलंय. शिकागोतल्या त्यांच्या वस्तीतली भाषा त्या वर्गाच्या अभिरुचीत बसत नव्हती. त्या अस्वस्थतेतूनच त्यांना आपला विषय सापडला. पण असं प्रत्येकाचं होतं का? जो त्या वर्गात गप्पच झाला, त्याचं नाव आपल्याला इतिहासात सापडणार नाही.

मराठीत आपण बहुतेक नोकरी सांभाळून, रात्री जागून लिहिलं. त्याचा अभिमान जरूर बाळगावा. पण घरकाम, शेती, पाळीची नोकरी यांतून ज्यांना रात्रही उरली नाही, त्यांचं काय लिहायचं राहून गेलं? म्हणून उद्या कुणी असा अभ्यासक्रम काढला, तर ‘काय शिकवणार?’ हे जरूर विचारा. पण त्याआधी विचारा : फी कोण भरणार, आणि वर्गात बसायला सवड कुणाला असेल?