प्रकाशाचा रेटा : एका सूक्ष्म बलाचा इतिहास

मराठीत प्रकाश ‘पडतो’. पडणाऱ्या वस्तूचा भार जाणवावा, हा अर्थ त्या क्रियापदात आपण सहसा वाचीत नाही. भौतिकशास्त्राला मात्र तो गंभीरपणे घ्यावा लागला. धूमकेतूचे पुच्छ सूर्याच्या विरुद्ध दिशेस का वळते, ह्याचे कारण केप्लरने १६१९ मध्ये सूर्यकिरणांच्या रेट्यात शोधिले. मॅक्सवेलने १८७३ मध्ये त्या रेट्याचे गणित मांडिले. आणि १९०१ च्या सुमारास रशियात लेबेदेव्ह ह्याने व अमेरिकेत निकोल्स आणि हल ह्यांनी तो प्रयोगाने मोजिला.

समोरासमोरच्या दोन आरशांमधील पोकळीत प्रकाश कोंडिला, तर तो पुनःपुन्हा परततो व त्याचा रेटा वाढतो. एक आरसा हलता असेल तर पोकळीची लांबी बदलते, लांबीबरोबर आतील प्रकाश बदलतो आणि प्रकाशाबरोबर रेटाही. हा बदल किंचित विलंबाने होतो. झोपाळ्यास धक्का वेळेवर बसला तर झोका चढतो, उलट बसला तर उतरतो. त्याचप्रमाणे हा विलंबित रेटा आरशाचे कंपन वाढवितो किंवा शमवितो. मॉस्कोच्या ब्रागिन्स्कीने १९६७ पासून ह्या परिणामाचा अभ्यास केला. त्याची खरी चिंता गुरुत्वीय लहरींच्या मोजमापाची होती : ज्या प्रकाशाने आरशाचे स्थान पाहावयाचे, तोच आरशाला ढकलणार असेल, तर मोजमापास मर्यादा पडणारच.

ह्याच चिंतेतून सूक्ष्म कंपकांचे शास्त्र वाढले. २०१२ मध्ये येल विद्यापीठातील संशोधकांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या टोकांवर आरसे घडवून, त्यांच्यामधील पोकळीत एक पातळ कंपनशील पडदा प्रकाशाशी जोडिला. दुसऱ्या टोकास, २०२० मध्ये अमेरिकेतील लायगो वेधशाळेने प्रकाशाच्या क्वांटम अस्थिरतेचा धक्का आपल्या ४० किलोग्रॅमच्या आरशांवरही ओळखिला.

आपल्याकडे हा इतिहास हिंगोली जिल्ह्यात येऊन पोहोचतो. औंढा नागनाथजवळ उभारावयाच्या, चार किलोमीटर लांबीच्या बाहू असलेल्या लायगो-इंडिया वेधशाळेस केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. पुण्याची ‘आयुका’ ह्या प्रकल्पातील एक प्रमुख संस्था आहे. तेथील अभियंत्यांसही ब्रागिन्स्कीचाच प्रश्न सोडवावा लागेल. प्रकाश कमी ठेविला तर दिसणे अंधुक होते, वाढविला तर पाहावयाची वस्तूच हलते. ह्या दोहोंमधला तोल साधणे, हेच त्या वेधशाळेपुढील एक मोठे आव्हान होय.